वीस वर्षे थांबणारा पैसा

के. व्ही. कामत १९७१ साली आयसीआयसीआयमध्ये नोकरीला लागले आणि १९९६ मध्ये तिचे प्रमुख झाले. कारखान्यांना आणि प्रकल्पांना लांब मुदतीची कर्जे देण्यासाठी १९५५ मध्ये निघालेली ही संस्था २००२ मध्ये स्वतःच काढलेल्या बँकेत विलीन झाली, तेव्हा सूत्रे त्यांच्याच हातात होती. २०२१ मध्ये संसदेने कायदा करून पायाभूत प्रकल्पांसाठी नवी सरकारी विकास बँक काढली. व्यवहारात तिला सगळे ‘नॅबफिड’ म्हणतात. तिचे पहिले अध्यक्ष कोण? कामतच.

यात त्यांना टोमणा मारायचा हेतू नाही. २००२ साली त्यांच्यापुढे दुसरा रस्ता फारसा नव्हता. तो का नव्हता, हे सांगायला मात्र जरा मागे जावे लागते.

*

लांब मुदतीची कर्जे देणाऱ्या अशा संस्थांत आयएफसीआय १९४८ ची. आयसीआयसीआय १९५५ ची, तिच्या जन्मात जागतिक बँकेचाही हात. आयडीबीआय १९६४ ची, आधी रिझर्व्ह बँकेची मुलगी, १९७६ पासून सरकारची. पुढे आयडीबीआयच्याच घरातून एक्झिम बँक (१९८२) आणि सिडबी (१९९०) वेगळ्या निघाल्या. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज उभे करण्यातही तिचा पुढाकार होता.

या संस्थांना पैसा मिळायचा दोन स्वस्त नळांतून. रिझर्व्ह बँक आपल्या नफ्यातून दीर्घ मुदतीच्या फंडात रक्कम टाकायची, आणि व्यापारी बँकांना ठेवींचा ठरावीक हिस्सा मान्य रोख्यांत ठेवण्याच्या (एसएलआर) सक्तीपायी या संस्थांचे रोखे घ्यावे लागायचे. १९९१ नंतर सुधारणांच्या ओघात दोन्ही नळ बंद झाले. बाजारात जाऊन चढ्या दराने उचलायचे आणि कारखानदाराला त्याहून चढ्या दराने द्यायचे, अशी पाळी आली. टाटा-रिलायन्ससारखी चांगली गिऱ्हाइके तोवर परदेशातून स्वस्त कर्ज आणायला लागली होती. उरले ते पोलाद, कापड आणि रसायनांतले अर्धवट प्रकल्प. त्यातली कितीतरी कर्जे बुडाली. आयडीबीआयची नऊ हजार कोटींची बुडीत खाती २००४ मध्ये सरकारने वेगळ्या फंडात हलवली, तिला साधी बँक होऊ दिले, आणि २०१९ मध्ये तिचे ५१ टक्के एलआयसीच्या गळ्यात पडले.

म्हणजे विकास बँक बंद पाडायला कुणी ठराव करावा लागला नाही. स्वस्त, लांब मुदतीचा पैसा आटला आणि ती आपोआप साधी बँक झाली.

*

व्याजाच्या दरावर सगळे भांडतात, मुदतीकडे फारसे कुणी बघत नाही. म्हणून एकदा पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडून पाहिला. हजार कोटींचे कर्ज, दर ९ टक्के, दर वर्षी समान हप्ता. बारा वर्षांत फेडायचे तर वर्षाला साधारण १४० कोटी. पंचवीस वर्षांत फेडायचे तर १०२ कोटी. शेवटी एकूण भरणा अर्थात वाढतो: सुमारे १,६७५ कोटींच्या जागी २,५४५ कोटी.

कुठलाही शहाणा गृहस्थ म्हणेल, बारा वर्षांचेच घ्या, आठ-नऊशे कोटी वाचतात. पण टोलच्या रस्त्यावर पहिली काही वर्षे गाड्या कमीच धावतात. गावे रस्त्याकडे सरकायला, गोदामे उभी राहायला, ट्रकवाल्यांनी जुनी वाट सोडायला वेळ लागतो. पहिल्या पाच वर्षांत १४० कोटी कुठून आणायचे? तिथे हप्ता चुकला की खाते थकीत (एनपीए), मग पुनर्रचना, मग लिलाव. रस्ता चांगला असतो, फक्त कर्ज घाईचे असते. पंचवीस वर्षांत वरचे आठ-नऊशे कोटी जातात ते त्या सबुरीची किंमत म्हणून.

*

बँकांकडे ही सबुरी असू शकत नाही. त्यांच्याकडचा पैसा तुमच्या-माझ्या एफडीचा, वर्षा-दोन वर्षांनी मोडला जाणारा. तरी २००४ नंतरच्या तेजीत वीज, रस्ते, पोलाद यांना बँकांनीच भरभरून दिले, कारण देणारे दुसरे कुणी उरले नव्हते. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी बँकांच्या कर्जांची झाडाझडती घ्यायला लावली आणि मार्च २०१८ पर्यंत थकबाकी एकूण कर्जांच्या ११ टक्क्यांवर गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी आयएल अँड एफएस कोसळली. डोक्यावर नव्वद हजार कोटींहून जास्त देणे, त्यात अल्प मुदतीची उसनवारी घेऊन लांबचे रस्ते आणि बोगदे बांधलेले. पगारदारांच्या भविष्य निर्वाह निधीचे पैसेही तिच्या रोख्यांत अडकले होते, कारण कागदावर तिची पत सर्वोच्च, ‘एएए’ होती.

*

मराठवाड्यात एका रस्त्याच्या कामावर मित्राबरोबर गेलो होतो. तो ‘लेंडर्स इंजिनिअर’. पगार सल्लागार कंपनीचा, पण डोळे बँकांचे. महिन्याला साइटवर यायचे, झालेले काम मोजायचे, कंत्राटदाराचे बिल तपासायचे आणि दाखला द्यायचा. त्या दाखल्यावर कर्जाचा पुढचा हप्ता सुटतो.

दोन्ही बाजूंनी डांबराचे थर टाकून झाले होते आणि मधेच तीनशे मीटर काळी माती. तिथे पत्र्याचे एक घर, गोठा, विजेचा खांब. दारात बसलेले म्हातारे बाबा उठून उभेही राहिले नाहीत.

“साहेब, रस्ता करा की. आमी कुटं न्हाई म्हनलं? पर पैसं खात्यावर आलं पायजेत.”

पैसे मंजूर झालेले होते. पण सातबाऱ्यावर नाव होते बाबांच्या वारलेल्या आज्याचे. खाली वारस अकरा, त्यातले दोघे सुरतेला, एकीचा पत्ताच नाही, आणि एका पुतण्याने हिश्श्यावरून हरकत घेतलेली. रक्कम न्यायालयात जमा. भूसंपादन अधिकाऱ्याच्या लेखी काम झाले, कंत्राटदाराच्या लेखी जागा अडली.

मित्राने वहीत टेपचे आकडे लिहिले आणि हळूच म्हणाला, “पाचशे कोटी उचललेत. दहा टक्क्यांनी वर्षाला पन्नास कोटी व्याज. दिवसाला पावणेचौदा लाख. हे बाबा बसलेत ना, त्यांच्या ओसरीवरून रोज पावणेचौदा लाख वाहून जातात आणि त्यांना ठाऊकही नाही.”

मी विचारले, “मग बँक आधीच बघत नाही का?”

“बघते ना. ऐंशी टक्के जागा हातात आल्याशिवाय कामाची तारीखच लागत नाही. पण घोडे अडते ते उरलेल्या वीस टक्क्यांत.”

बांधकाम चालू असतानाचे हे व्याज प्रकल्पाच्या खर्चातच धरले जाते. पुढे ते टोलमधून आपण भरतो. टोलच्या पावतीवर मात्र सातबाऱ्यातल्या अकरा वारसांची नोंद नसते.

*

नव्वदच्या दशकात मध्यमवर्गाने विकास बँकांना थेट पैसा दिला होता, हे आता विसरायला झाले आहे. आयडीबीआयचा १९९२ चा डीप डिस्काउंट बाँड असा: आज २,७०० रुपये द्या, पंचवीस वर्षांनी एक लाख घ्या. सदाशिव पेठेपासून डोंबिवलीपर्यंत लोखंडी कपाटांत हे कागद गेले. मुलीच्या लग्नाला, नातवाच्या इंजिनिअरिंगला. वर्षाला साडेपंधरा टक्क्यांचा हिशेब तो. व्याजदर उतरले तशी बँकेने परत घेण्याची आपली मुभा वापरली आणि मुदतीआधी पैसे हातावर ठेवले. अटींत ते लिहिलेले होते. बारीक अक्षरात होते, पण होते.

नर्मदेचे प्रकरण याहून वेगळे. तिथे धरण बांधणाऱ्या सरदार सरोवर निगमाने १९९३ मध्ये ३,६०० रुपयांचा रोखा काढला, वीस वर्षांनी १,११,००० देण्याच्या बोलीवर. मधल्या टप्प्यांवर बाहेर पडायची मुभा धारकाला होती. पंधरा वर्षांनी बाहेर पडलात तर पन्नास हजार. निगमाला तशी मुभा नव्हती. २००८ मध्ये गुजरात विधानसभेने खास कायदा करून ती निगमाला दिली आणि पन्नास हजारांवर हिशेब मिटवला.

जास्त बोचते ते हे की वीस वर्षे थांबायला तयार असलेली माणसे या देशात होती. ती पैसे घेऊन उभी होती. थांबण्याचा करार ज्यांनी केला, त्यांनाच तो महाग वाटला.

*

निगमाला १९९३ मध्ये लोकांकडे जावे का लागले, तेही इथे टिपून ठेवतो. १९८५ मध्ये जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. धरणाच्या पाण्याखाली जाणारे महाराष्ट्रातले पहिले गाव मणिबेली, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातले. विस्थापितांच्या आंदोलनाच्या रेट्याने बँकेला स्वतंत्र पाहणी करवून घ्यावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीने जून १९९२ मध्ये सांगितले की पुनर्वसनाचा आणि पर्यावरणाचा अभ्यास धड झालेलाच नाही. बँकेने अटी घातल्या आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज स्वतःच नाकारले.

धरण झालेच. पण त्याच वर्षी जागतिक बँकेला आपल्याविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे तपासणी मंडळ नेमावे लागले. सातपुड्यातल्या आदिवासींनी वॉशिंग्टनच्या बँकेच्या कारभाराचे एक कलम बदलायला लावले. एवढे कर्तृत्व आपल्याकडच्या फार थोड्या आमदार-खासदारांच्या नावावर असेल.

*

त्या मंडळाकडे पुढे मुंबईचेही प्रकरण गेले. लोकलच्या रुळांलगतच्या झोपड्या हलवायच्या, मार्गिका वाढवायच्या, नव्या गाड्या आणायच्या आणि पूर्व-पश्चिम जोडरस्ते करायचे, अशा मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला २००२ मध्ये जागतिक बँकेचे कर्ज मिळाले. ज्या जांभळ्या-पांढऱ्या लोकल आल्यावर लोक ‘हिच्यात हवा येते’ म्हणून पुढची गाडी सोडून हिच्यासाठी थांबायचे, त्या याच प्रकल्पातल्या. सुमारे एक लाख माणसे मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत हलवली गेली.

सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यात कुर्ल्याच्या दुकानदारांची दुकाने जाणार होती. त्यांनी २००४ मध्ये तपासणी मंडळाकडे अर्ज केला. झोपडीवाल्यालाही २२५ चौरस फूट आणि मोठ्या दुकानवाल्यालाही तेवढेच, हे कसे? मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचा पैसा रोखला. महाराष्ट्र सरकारने सुधारणा कबूल केल्यावर जूनअखेर तो पुन्हा सोडला. दुकानदाराचे ऐकले जाते ते सावकार परदेशी असला की. हेच काम देशी बँकांच्या कर्जाने चालले असते तर त्या अर्जाला आवक क्रमांक मिळाला असता आणि तो फायलीला लागला असता.

तो रस्ता २००३ मध्ये सुरू झाला आणि २०१४ मध्ये खुला झाला. लांबी साडेसहा किलोमीटर.

*

दाभोळ.

नाव दाभोळचे, पण एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा हा वीज प्रकल्प खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलला. त्याच्या घोटाळ्याची चर्चा इतकी झाली की कर्जाची बाजू झाकली गेली. भारत सरकारने १९९३ मध्ये या प्रकल्पासाठी जागतिक बँकेकडे विचारणा केली होती. बँकेने नकार दिला. आयात केलेल्या द्रवरूप वायूवर बारमाही चालणारी एवढी मोठी वीज महाराष्ट्राला परवडणार नाही, ती स्वस्त कोळशाच्या विजेला बाजूला सारेल, असा तिचा हिशेब होता.

हिशेब उघड होता, साधा होता, आणि पुढे अक्षरशः खरा ठरला. पण डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाने करार केला. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने तो रद्द केला, १९९६ मध्ये नव्याने केला, आणि दुसरा टप्पा जोडून तो २,१८४ मेगावॅटपर्यंत वाढवला. आयडीबीआय, आयसीआयसीआय, आयएफसीआय, स्टेट बँक, सगळ्या देशी संस्था हमीदार किंवा धनको म्हणून आत गेल्या. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि मे २००१ मध्ये बंद पडला. डिसेंबरात खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. सामान गुंडाळून कंपनी गेली आणि धनको अंजनवेलच्या किनाऱ्यावर यंत्रांना गंज चढताना बघत राहिले. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांना पुढे करून रत्नागिरी गॅस कंपनी काढावी लागली.

देशी संस्थांत हुशार माणसे नव्हती असे म्हणवत नाही. आयडीबीआयचे अप्रेझल खाते त्या काळी देशात नावाजलेले होते. प्रश्न ‘नाही’ म्हणण्याचा होता. दिल्लीला प्रकल्प हवा आहे हे ठाऊक असताना दिल्लीच्याच मालकीच्या संस्थेतला डेप्युटी जनरल मॅनेजर नकाराची नोट कशाच्या जोरावर लिहिणार? माझ्या मते विकास बँकेची खरी परीक्षा तिने किती लाख कोटी मंजूर केले यात नसते. तिने परत पाठवलेल्या प्रस्तावांची यादी कुणी छापत नाही, तीच मला वाचायची आहे.

*

कोकण रेल्वे विकास बँकेशिवाय झाली. १९९० मध्ये महामंडळ निघाले. भागभांडवल ५१ टक्के रेल्वेचे, २२ महाराष्ट्राचे, १५ कर्नाटकाचे, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकी पैसा रोख्यांतून. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांची जिद्द, ई. श्रीधरन यांचे काम, आणि २६ जानेवारी १९९८ ला गाडी सलग धावली. खर्च साडेतीन हजार कोटींच्या घरात.

पण रोखे काही वर्षांचे आणि बोगदे शंभर वर्षांचे. जुने देणे भागवायला नवे रोखे, असे चक्र सुरू झाले आणि महामंडळ वर्षानुवर्षे व्याजाखाली दबून राहिले. दुपदरीकरणाला पैसा उरला नाही. ते भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिली, नाव कायम ठेवण्याच्या अटीवर. गणपतीत सावंतवाडीपर्यंत उभ्याने जाणाऱ्या माणसाला सांगावेसे वाटते, बाबा रे, ही गर्दी निम्मी एकपदरी रुळाची आणि निम्मी त्या रोख्यांच्या मुदतीची.

*

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन: ५०८ किलोमीटर, मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटी, त्यातले ८१ टक्के जपानच्या जायका या सरकारी संस्थेचे कर्ज. व्याज ०.१ टक्का, मुदत पन्नास वर्षे, पहिली पंधरा वर्षे मुद्दलाला हात लावायचा नाही. ८८ हजार कोटींवर वर्षाचे व्याज ८८ कोटी! वाचणाऱ्याला वाटते फुकटच मिळाले.

फुकट नाही. कर्ज येनमध्ये आहे. १९८० च्या सरासरी दराने एक येन साडेतीन पैशांना पडत होता, १९९५ मध्ये ३४ पैशांना. पंधरा वर्षांत दहापट. अलीकडची वर्षे आपल्या नशिबाने वेगळी गेली: २०१७ मध्ये ५८ पैशांच्या आसपास असलेला येन २०२४ मध्ये त्याच्याही खाली होता. पण पन्नास वर्षे लांब असतात. मेट्रोसारख्या राज्यांच्या प्रकल्पांत हा धोका २००५ पासून राज्याच्या अंगावर असतो, केंद्र परदेशी कर्ज जसेच्या तसे पुढे सरकवते. नागपूर मेट्रोचे केएफडब्ल्यू या जर्मन विकास बँकेकडून घेतलेले ५० कोटी युरो किंवा मुंबई मेट्रो तीनचे येन, शेवटी महाराष्ट्राच्या तिजोरीवर.

*

याच जपानने आपली पहिली बुलेट ट्रेन कर्ज काढून बांधली होती. १९६१ मध्ये जागतिक बँकेने तोकाइदो शिंकान्सेनला आठ कोटी डॉलर दिले, मूळ अंदाजाच्या जेमतेम सातवा हिस्सा. पैशापेक्षा हेतू वेगळा होता. रेल्वेचे प्रमुख शिंजी सोगो यांना भीती होती की सरकार बदलले की प्रकल्प मधेच सोडतील. अर्थमंत्री एइसाकु सातो यांनी सुचवले, जागतिक बँकेचे कर्ज घ्या, म्हणजे पुढच्या सरकारला माघार घेता येणार नाही.

सोगोंनी खर्चाचा अंदाज मुद्दाम कमी सांगितला होता, असे जपानी रेल्वेच्या इतिहासात सांगतात. खर्च जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ मध्ये त्यांना जावे लागले. १ ऑक्टोबर १९६४ ला पहिली गाडी सुटली तेव्हा टोकियो स्थानकातल्या समारंभाला त्यांना बोलावणेही नव्हते. जपानने जागतिक बँकेचे शेवटचे देणे १९९० मध्ये फेडले.

मला हा सोगो आवडतो आणि त्याची भीतीही वाटते. त्याची थाप यशस्वी ठरली म्हणून आपण तिचे कौतुक करतो. अशीच थाप मारून बुडालेल्या प्रकल्पांच्या प्रमुखांची नावे कुणाला आठवतात?

*

नॅबफिडच्या कायद्यात एक कलम आहे: बँकेच्या अधिकाऱ्यांच्या निर्णयांची चौकशी करायची तर आधी परवानगी लागेल. विरोधकांनी त्यावर टीका केली. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पुण्यात जून २०१८ मध्ये एका सरकारी बँकेच्या प्रमुखालाच पोलिसांनी कर्जप्रकरणात अटक केली आणि काही महिन्यांतच पोलिसांनीच त्यांचे नाव वगळण्याची विनंती न्यायालयाला केली. त्या दिवसांत बँकांतले ओळखीचे लोक उघड सांगायचे: सही केली नाही म्हणून आजवर कुणी तुरुंगात गेलेले नाही. फायली टेबलावरून सरकेनाशा झाल्या होत्या.

कलम योग्य आहे असे मला वाटते, अर्ध्या मनाने. सही करणाऱ्याला संरक्षण मिळाले. नकार देणाऱ्याला कुठे आहे?

*

जागतिक बँक आपले प्रकल्प-मूल्यमापन अहवाल प्रसिद्ध करते. साठ वर्षांपूर्वीच्या शिंकान्सेनचा तिचा हिशेब आज कुणीही घरबसल्या वाचू शकतो. आपल्या वित्तसंस्थांची अप्रेझल नोट ग्राहकाच्या गुप्ततेच्या नियमाआड असते. खासगी कारखान्यापुरते ते समजू शकते. पण जिथे मालक सरकार, धनको सरकार, हमीदारही सरकार, तिथे लपवायचे कुणापासून? वाहतुकीचा अंदाज काय धरला, दर काय धरला, कोणत्या वर्षी हप्ते सुरू होतात आणि कोणते गृहीतक चुकले तर खाते बुडते, एवढी चार पाने तरी छापावीत.

डहाणूजवळ वाढवणला ७६,२२० कोटींचे बंदर व्हायचे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे. या बंदराला जी कुणी संस्था कर्ज देईल तिने ती चार पाने मराठीतही छापावीत आणि वाढवणच्या ग्रामपंचायतीत, चिंचणीच्या बाजारात, डहाणूच्या मच्छीमार सोसायटीत लावावीत. वर्षाला किती कंटेनर येतील हा आकडा कितपत खरा, यावर बोलायला किनाऱ्यावरच्या माणसांपाशी थोडेफार असेल.